फांसीगर, ठग आणि जबलपूरची कचेरी : इंग्रजीतील एका अप्रचलित शब्दाचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकाच गुन्ह्यासाठी हिंदुस्थानातून इंग्रजी भाषेत दोन शब्द गेले. एक दक्षिणेकडून, मद्रास इलाख्यातून गेला; दुसरा उत्तरेकडून, मुख्यतः नर्मदेच्या खोऱ्यातून. पहिला ‘फांसीगर’, दुसरा ‘ठग’. आज इंग्रजीच्या सामान्य वाचकाला पहिला शब्द ठाऊक नाही. मोठ्या कोशात तो ऐतिहासिक म्हणून नोंदलेला सापडतो, एवढेच. दुसरा मात्र इतका रुळला की लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात तो वाचताना त्याचे मूळ जबलपूरच्या परिसरात आहे, याची जाणीव कोणाला होत नाही. त्याचे भाववाचक रूप ‘ठगी’ इंग्रजीत दोन ‘ई’ लावून लिहिले जात असे. तेही आता इतिहासाच्या पुस्तकांपुरते उरले आहे.

दोन समानार्थी शब्दांपैकी एक टिकतो व दुसरा मागे पडतो, ही भाषेच्या इतिहासातील नित्याची गोष्ट आहे. तिची कारणे बहुधा उच्चाराच्या सोयीत किंवा निव्वळ योगायोगात शोधली जातात. प्रस्तुत प्रकरणी ते पुरेसे नाही. माझ्या मते ‘फांसीगर’ मागे पडला, कारण तो फार नेमका होता. ‘ठग’ टिकला, कारण तो पुरेसा मोघम होता; आणि त्या काळात कायद्याला मोघम शब्दाचीच गरज होती. या निवडीचे परिणाम प्रथम माणसांनी भोगले, कोशाचा क्रमांक नंतरचा. म्हणून हा इतिहास केवळ व्युत्पत्तीच्या अंगाने लिहिता येत नाही.

‘फांसीगर’ या शब्दाची घडण मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. संस्कृत ‘पाश’ पासून आलेला फास किंवा फांसी, आणि त्याला जादूगर, सौदागर यांत आढळणारा फारसी ‘गर’ हा कर्तृवाचक प्रत्यय. गळ्याला फास लावून मारणारा तो फांसीगर. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज येथील डॉक्टर रिचर्ड शेरवुड यांनी १८१६ साली या लोकांवर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच हा शब्द आहे. १८२० साली तो ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तेराव्या खंडात पुन्हा छापला गेला आणि युरोपातील प्राच्यविद्येच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला. शेरवुड यांनी दक्षिणी भाषांतील नावेही टिपून ठेवली आहेत. तमिळ, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषांतील त्यांनी दिलेली नावे फासाशी किंवा फासाच्या दोरीशी निगडित आहेत. कन्नडमधील ‘तंति कळ्ळरु’ म्हणजे तारेचे, अर्थात तातीच्या फासाचे चोर. याचा अर्थ असा की दक्षिणेत हे लोक त्यांच्या हत्यारावरून ओळखले जात. नावातच गुन्ह्याची रीत होती. रीत सिद्ध झाली नाही तर नावही लागू पडत नाही, हे त्यातच गृहीत आहे.

आता ‘ठग’कडे वळू. शेरवुडच्या आधी, १८१० साली, रजेवर घरी जाणाऱ्या देशी शिपायांनी पगाराची रोकड अंगावर बाळगू नये, वाटेत अनोळखी सोबत धरू नये, अशा अर्थाचा हुकूम कंपनीच्या सैन्यात सेंट लेजर या सेनाधिकाऱ्याने काढला होता. त्यात हा शब्द ओबडधोबड वर्णांतराने आलेला आहे. पण हिंदुस्थानी भाषांत तो याहून कितीतरी जुना आहे. झियाउद्दीन बरनीच्या तवारिखेत जलालुद्दीन खिलजीच्या कारकिर्दीतील, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीची हकीकत आहे. दिल्लीत सुमारे हजार ठग पकडले गेले असता सुलतानाने त्यांना ठार न मारता नावांत घालून लखनौतीकडे रवाना केले, असे बरनी सांगतो. हे ठग गळा दाबून मारणारे होते, असे बरनी कोठेही म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांनी मात्र ही हकीकत ठगीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून वारंवार वापरली. शब्द एक आहे म्हणून वस्तूही एकच असली पाहिजे, असे मानण्याची ही चूक आपल्याकडच्याही काही इतिहासलेखकांनी पुढे चालू ठेवली, हे येथेच नमूद केले पाहिजे.

मराठीत या शब्दाचे कूळ मोठे आहे. ठक, ठकडा, ठकणे, ठकवणे, ठकबाजी, ठकसेन. ‘ठकास महाठक’ ही म्हण तर कोणाच्याही तोंडी असते. नागपूर-जबलपूरकडच्या मराठीत हिंदीच्या शेजारामुळे ‘ठगवले’ असेही ऐकू येते. या सर्व शब्दांत फसवणूक आहे, लबाडी आहे, क्वचित चातुर्याचे कौतुकही आहे. खून मात्र कोठे नाही. जुन्या मराठीत ‘ठक पडणे’ म्हणजे थक्क होणे, आणि हिंदीत कोणी ‘ठगा-सा’ उभा राहतो तेव्हा तो भारावलेला असतो. कबीराने मायेला ठगिणीचे रूप दिले, ते ती जिवाला भुलवते म्हणून. मध्ययुगीन हिंदी काव्यात ‘ठगमूरी’ आणि ‘ठगलाडू’ असे दोन शब्द येतात. वाटसरूला खाऊ घालून बेशुद्ध करण्याची मुळी आणि त्याच कामाचा लाडू. हे दोन शब्द माझ्या मते महत्त्वाचे आहेत. जबलपूरची कचेरी स्थापन होण्यापूर्वीच्या कवीच्या मनात ठगाच्या हातात रुमाल नव्हता, लाडू होता.

व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. संस्कृत कोशांत ‘स्थग’ हा लबाड, धूर्त या अर्थाचा शब्द आहे व तो ‘स्थग्’ म्हणजे झाकणे या धातूशी जोडला जातो. मराठीतील ‘स्थगित’ हा शब्द त्याच धातूचा, जरी झाकलेल्याचे थांबलेले होईपर्यंत त्याने बराच प्रवास केला आहे. काही भाषाशास्त्रज्ञ मात्र प्राकृत ‘ठग’ हे स्वतंत्र देशी मूळ मानून ‘स्थग’ हे त्याचे मागाहून केलेले संस्कृतीकरण समजतात. पहिले मत ग्राह्य धरल्यास एक गंमत पदरात पडते. ‘स्थग्’ या धातूचा लॅटिनमधील सगोत्र म्हणजे झाकणे या अर्थाचा ‘तेगेरे’, आणि त्याला उलट अर्थाचा उपसर्ग लागून, झाकलेले उघड करणे या अर्थाने, इंग्रजीतील ‘डिटेक्टिव्ह’ तयार होतो. ठग आणि त्याला पकडणारा हे मग एकाच धातूचे दोन वंशज ठरतात. या योगायोगाला मी यापेक्षा अधिक किंमत देत नाही.

जबलपूरला या कथेत मध्यवर्ती स्थान येते ते विल्यम हेन्री स्लीमन यांच्यामुळे. कॉर्नवॉलमधील स्ट्रॅटन येथे १७८८ साली जन्मलेला हा अधिकारी १८०९ साली हिंदुस्थानात आला आणि १८२२ नंतर नरसिंहपूर, जबलपूर व सागर या टापूत मुलकी कामावर राहिला. हा मुलूख कंपनीच्या ताब्यात नुकताच आलेला होता. १७८१ साली गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपून तेथे सागरच्या मराठ्यांचा अंमल बसला, १७९८ नंतर नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर ते इंग्रजांना मिळाले. जबलपूरवर कंपनीचे निशाण लागून जेमतेम दहा-बारा वर्षे झाली होती. भोवती बुंदेलखंडातील संस्थाने, पलीकडे शिंद्यांचा मुलूख. गुन्हा एका हद्दीत घडे, प्रेत दुसऱ्या हद्दीत पुरले जाई आणि माल तिसऱ्या हद्दीत विकला जाई. प्रवासी परगावचा असल्याने फिर्यादीही नसे. अशा खटल्यात पुरावा कशाचा द्यायचा, हा स्लीमनपुढचा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर त्याने माफीच्या साक्षीदारात शोधले. पकडलेल्या माणसाला जीवदान देऊन त्याच्याकडून साथीदारांची नावे, वंशावळी, वाटा आणि पुरलेल्या जागा वदवून घ्यायच्या. एका साक्षीदाराचे कथन दुसऱ्याच्या कथनाशी ताडून पाहायचे आणि त्या बेरजेवर खटला उभा करायचा. यांपैकी सर्वांत गाजलेला साक्षीदार फिरंगिया. कचेरीच्या कागदांत या साक्षीदारांना ‘गोइंदे’ म्हणत. मूळ फारसी शब्दाचा अर्थ केवळ बोलणारा, सांगणारा असा आहे. हाच शब्द बंगालीत ‘गोयेंदा’ होऊन गुप्तहेराच्या, आणि पुढे डिटेक्टिव्हच्या अर्थाने रूढ झाला. जबलपुरातील गुरंदी बाजाराचे नाव या गोइंद्यांच्या वस्तीवरून पडले, असे शहरात सांगितले जाते. तेव्हा एकच शब्द एका शहरात बाजाराचे नाव झाला आणि दुसऱ्या भाषेत एका अख्ख्या कथाप्रकाराचे.

१८३० सालच्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या एका साहित्यविषयक नियतकालिकात एक निनावी पत्र प्रसिद्ध झाले. जबलपुरात ठगांना दिलेल्या फाशीचे वर्णन आणि मिर्झापूरजवळच्या विंध्यवासिनीच्या देवळाशी त्यांचे नाते, हा त्याचा विषय. लेखक स्लीमनच होता. त्या पत्राने ‘ठग’ शब्दाला धर्माचे वलय दिले. वाटमारी करणारा आता देवीचा उपासक झाला, टोळीचा पंथ झाला आणि शब्दाला मोठे अक्षर लागले. नागरी लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे हा बदल आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. पण इंग्रजीत तो निर्णायक आहे. लहान अक्षराने लिहिलेला शब्द माणसाचे कृत्य सांगतो, मोठ्या अक्षराने लिहिलेला त्याची जात सांगतो.

येथे फासाविषयी एक गोष्ट मराठी वाचकाच्या लक्षात येईल, जी त्या पत्राच्या इंग्रजी वाचकाच्या लक्षात येण्याचा संभव नव्हता. आपल्या भाषेत फांसीगराचे हत्यार आणि त्याला होणारी शिक्षा यांना एकच शब्द आहे. फांसीगराला फाशी दिली, या वाक्यात गुन्हा व न्याय एकाच धातूने बोलतात. जबलपूरच्या वेशीबाहेर जमलेल्या प्रेक्षकांना हे वाक्य कसे ऐकू आले असेल, याचा विचार कचेरीने केला नसावा. फांसीगरऐवजी ‘ठग’ म्हटले की ही अडचण आपोआप नाहीशी होते.

कायद्याचा इतिहास मात्र अधिक स्पष्ट बोलतो. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीशी, कायदा होण्यापूर्वी किंवा नंतर, संबंध असल्याचे सिद्ध होताच सक्तमजुरीसह जन्मठेप ठरवली. विशिष्ट खून कोणी केला, कधी केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. टोळीत असणे पुरेसे होते. आणि या कायद्यात ‘ठग’ म्हणजे कोण, याची व्याख्याच नव्हती. राधिका सिंघा यांनी १९९३ च्या निबंधात या मोहिमेचे विधिविषयक वेगळेपण तपशिलाने दाखवले आहे, त्याची पुनरुक्ती करीत नाही. माझा मुद्दा शब्दापुरता आहे. याच कायद्यात ‘फांसीगरांची टोळी’ असा शब्दप्रयोग असता, तर प्रत्येक खटल्यात निदान फासाचा उल्लेख करणे भाग पडले असते. ‘ठग’ने ती जबाबदारी टाळली. ज्या शब्दाचा लोकभाषेतील अर्थ ‘लबाड’ इतका पसरट आहे, त्याला जन्मठेपेचा आधार केल्यावर अडचण यायचीच होती. ती आलीही. विष घालून लुटणारे ठग म्हणायचे की नाही? मुलांच्या चोरीसाठी आईबापांना मारणारे, ज्यांना स्लीमनने ‘मेगपुन्ना’ या नावाखाली घातले, ते ठग की आणखी कोणी? अखेर १८४८ साली ‘ठग’, ‘ठगी’ आणि ‘ठगीने केलेला खून’ या शब्दांच्या अर्थाविषयीच्या शंका दूर करण्यासाठी सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या वर्षीचा तो तिसरा कायदा. शिक्षा आधी आणि अर्थ बारा वर्षांनी, असा हा क्रम आहे. शब्दार्थाच्या इतिहासात याला दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३१० ने हीच व्याख्या स्थिर केली. खुनाच्या साहाय्याने किंवा खुनासह जबरी चोरी अथवा मुलांची चोरी करण्यासाठी इतरांशी नेहमी संगत ठेवणारा तो ठग. फास नाही, रुमाल नाही, देवी नाही. जबलपूरच्या कागदांनी ज्या तीन गोष्टींनी युरोपला भारून टाकले होते, त्यांपैकी एकही कायद्याच्या व्याख्येत शिल्लक राहिली नाही.

त्या गोष्टी साहित्याकडे गेल्या. १८३६ साली कलकत्त्यात प्रसिद्ध झालेला स्लीमनचा ‘रामसियाना’ हा ग्रंथ वरकरणी ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश आहे. प्रत्यक्षात शब्दावली, साक्षीदारांशी झालेले प्रश्नोत्तररूप संवाद आणि सरकारी पत्रव्यवहार यांची ती मोठी जोडणी आहे. ठगांच्या बोलीत वाटसरूला ‘बुनिज’ म्हणजे विक्रीचा माल म्हणत. इशाऱ्याला ‘झिरनी’ आणि पुरण्याच्या जागेला ‘बील’. हे शब्द नागरीत लिहिताना मला प्रत्येक वेळी थांबावे लागते. ते आपल्यापर्यंत आले आहेत फक्त रोमन लिपीतून, एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कानावाटे. ऱ्हस्व-दीर्घ, दंत्य-मूर्धन्य हे सर्व अनुमान आहे. आणि त्यातील सर्वांत बोलका तपशील असा की त्या बोलीत ते स्वतःला ‘ठग’ म्हणत नसत. आपल्या माणसाला ‘औला’ आणि बाहेरच्याला ‘बीटू’, अशी नावे स्लीमननेच नोंदली आहेत. अनोळखी माणूस आपल्यातला आहे की नाही हे ओळखण्यासाठी ‘औला भाई, राम राम’ असा नमस्कार घालण्याची रीत होती.

‘रामसियाना’ प्रसिद्ध झाल्यानंतर तीनच वर्षांनी, १८३९ साली, फिलिप मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही तीन भागांतील कादंबरी लंडनमध्ये निघाली. टेलर निजामाच्या नोकरीत होता, म्हणजे फांसीगर या शब्दाच्या मुलखात. पुढे १८५३ नंतर तो नळदुर्गला राहिला, आणि तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही मराठेशाहीची कादंबरी त्याने १८६३ साली लिहिली. मराठी मुलखाशी इतका घरोबा असलेल्या या लेखकाने शीर्षकासाठी मात्र जबलपूरचा शब्द घेतला. कचेरीच्या छापील कागदाने दख्खनच्या बोलीवर मात केल्याची ही स्पष्ट खूण आहे. कादंबरीच्या प्रास्ताविकात टेलरने हिंगोलीची एक हकीकत दिली आहे. छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता आणि खुद्द टेलर व इतर इंग्रज त्याच्याशी व्यवहार करीत. मुंबईहून कापड आणायचे आहे म्हणून त्याने एकदा कॅप्टन रेनल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला. त्या कापडाचा मालक व त्याची माणसे वाटेत मारली गेली, आणि माल त्याच परवान्यावर हिंगोलीत येऊन उजळ माथ्याने विकला गेला. पुढे छावणीच्या पहाऱ्यापासून फार दूर नसलेल्या जागी पुरलेली प्रेते निघाली. मराठवाड्यातील ही गोष्ट टेलरने कादंबरीच्या आत नव्हे, प्रास्ताविकात ठेवली आहे; कारण काल्पनिक अमीर अलीवर वाचकाचा विश्वास बसावा यासाठी त्याला खऱ्या हिंगोलीची गरज होती. या हकिकतीत हरीसिंगची सारी कर्तबगारी परवाना मिळवण्यात, म्हणजे मराठी अर्थाच्या ठकवण्यात आहे. फास त्यात शेवटी येतो.

व्हिक्टोरिया राणीला कादंबरीची इतकी उत्सुकता लागली की तिने छपाई पूर्ण होण्यापूर्वीच मुद्रिते मागवून घेतली, असे टेलरने आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याच वर्षी दुसरीकडे वेगळीच गोष्ट घडत होती. थॉमस कार्लाइलने ‘चार्टिझम’ या निबंधात ग्लासगोच्या कामगारांच्या संदर्भात ‘थगरी’ हा शब्द वापरला. १८३७ च्या संपात सूतगिरणी कामगारांच्या संघटनेवर शपथबद्ध गुप्त हिंसेचा आरोप होता व त्यांच्या पुढाऱ्यांना १८३८ साली काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. ‘ठग’ हा शब्द स्कॉटलंडच्या मजुराला लागू व्हायला ‘रामसियाना’पासून तीनच वर्षे लागली. तो लागू होऊ शकला, कारण त्यात आता शपथ, टोळी आणि गुप्तता एवढेच उरले होते. ग्लासगोच्या कामगाराला कार्लाइलने फांसीगर म्हटले असते तर वाचक हसले असते.

या प्रवासात शब्दाचा उच्चारही बदलला. रोमन लिपीत ‘ठ’साठी लिहिलेली दोन अक्षरे इंग्रज वाचकाने आपल्या सवयीने वाचली आणि मूर्धन्य महाप्राण ‘ठ’ नाहीसा होऊन तेथे जिभेचे टोक दातांशी नेऊन करायचा घर्षक वर्ण आला. मराठीत त्याला जवळचे अक्षर ‘थ’. म्हणून पुढे मी इंग्रजी शब्दाला ‘थग’ व आपल्याकडच्या शब्दाला ‘ठग’ म्हणतो. दोघांत आता उच्चाराचा व अर्थाचा दोन्ही भेद आहे, आणि सगोत्र शब्दांना वेगळी नावे देणे वाचकाच्या सोयीचे ठरेल.

फ्रेंचमध्ये उलट घडले. यूजेन स्यूच्या १८४४-४५ मधील ‘ल ज्विफ एराँ’ या कादंबरीत फारिंगिया नावाचे पात्र आहे. जबलपूरच्या कागदांतील फिरंगियाचे नाव जसेच्या तसे पॅरिसच्या वृत्तपत्री कादंबरीत उतरले, आणि त्याच्या पंथाचा उल्लेख तेथे ‘एत्रांग्लर’ म्हणजे गळा दाबणारा या शब्दाने येतो. फ्रेंचने फांसीगराचेच भाषांतर केले, असे म्हणायला हरकत नाही. मार्तीन फान वुर्केन्स यांच्या १९९५ च्या अभ्यासाच्या फ्रेंच शीर्षकातही गळा आवळला गेलेला प्रवासीच आहे. पण ज्या भाषेला या शब्दाने माणसे तुरुंगात घालायची नव्हती, त्या भाषेला हत्याराचे नाव परवडत होते, हेही विसरता येत नाही.

इंग्रजीतील पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ने दोन्ही शब्दांची दखल घेतली. १८९६ साली मार्क ट्वेन हिंदुस्थानात आला आणि पुढच्या वर्षीच्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’मध्ये त्याने ठगीला पुष्कळ जागा दिली. त्याची बहुतेक सामग्री स्लीमनची. पण शेवटी तो गोऱ्या माणसालाच सुधारणेचे पातळ कातडे पांघरलेला थग ठरवतो, आणि शब्दाची सुई प्रथमच उलट फिरते. विसाव्या शतकात अमेरिकेत ‘थग’ शहरातल्या गुंडाचे नाव झाला व कालांतराने कृष्णवर्णीय तरुणाला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या तुच्छतादर्शक शब्दांत गणला गेला. ‘थगरी’ने ‘थगी’ला हुसकावले. जुन्या अर्थाचा थगी १९८४ च्या ‘इंडियाना जोन्स’ चित्रपटात पुन्हा अवतरला, तो देवीसह आणि इतिहासाशिवाय. २०१८ च्या ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ या हिंदी चित्रपटाच्या नागरी शीर्षकात ‘ठ’ आपला आहे आणि अनेकवचनाचा ‘स’ इंग्रजीचा. हा शब्द परत आला, पण आला तो पाहुणा म्हणून.

अभ्यासकांमध्ये ‘ठगी’ ही प्रत्यक्षात अस्तित्वात होती की वसाहती कल्पनेने रचली, असा दीर्घ वाद झाला. हिरालाल गुप्त यांनी १९५९ साली पारंपरिक चित्राला प्रथम गंभीर आक्षेप घेतला. स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये अठराव्या शतकातील माळव्याच्या सत्तास्पर्धेच्या संदर्भात ठगांचा प्रश्न ठेवला, आणि परमा रॉय यांनी वसाहतीच्या कल्पनेत ठगी कशी घडत गेली ते तपासले. किम वॅग्नर यांनी २००७ साली दुसऱ्या टोकाचा अतिरेकही सावरला. प्रेते निघाली होती, माणसे नाहीशी झाली होती. ते सर्व कागदी नव्हते. या वादात शब्दाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. ‘ठगी होती का’ हा प्रश्न मराठीत विचारला तर उत्तर सोपे आहे : होती, आहे आणि राहील. ‘फांसीगर होते का’ असे विचारले तरी उत्तर पुराव्याने देता येते. संदिग्धता आहे ती इंग्रजी मोठ्या अक्षराच्या ‘थगी’त, आणि ती तेथे कचेरीने घातलेली आहे.

जबलपुरात १८३७ साली साक्षीदार आणि त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा सुरू झाली. तेथे तंबू व गालिचे विणले जात. ज्या मुलांनी कधी वाट पाहिली नव्हती की रुमाल हाती धरला नव्हता, ती त्या भिंतीआड वाढली, कारण ती ठगांची मुले होती. टोळीशी संबंध हाच गुन्हा, हे तत्त्व पुढे दरोडेखोरांनाही लागू झाले, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात ते जन्माला जोडले गेले. महाराष्ट्रातील फासेपारध्यांच्या तर नावातच फास आहे. तो पक्षी व सावजे धरण्याचा. पण त्यांनाही त्या कायद्याचा काच सोसावा लागला. हा कायदा रद्द होऊन १९५२ साली या जमाती विमुक्त झाल्या.

दंडसंहितेतील ठग मात्र त्यानंतरही सत्तर वर्षे टिकला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१० व ३११ ची तरतूद वगळण्यात आली. ‘ठग’ हा शब्द कायद्यातून गेला, आणि त्याबरोबर १८३६ साली त्याला मिळालेला अर्थही गेला. मराठीत आज कोणी ठक म्हणाले तर त्याला जन्मठेप होत नाही. फार तर समोरचा महाठक असल्याचे निष्पन्न होते.

टेलरची कादंबरी नव्याने मराठीत आणणाऱ्यापुढे एक साधा प्रश्न उभा राहील. शीर्षकात कोणता शब्द ठेवायचा? ‘ठक’ ठेवला तर हरीसिंगला न्याय मिळतो, पण पुरलेली प्रेते दिसेनाशी होतात. ‘ठग’ ठेवला तर स्लीमनची कचेरी आपल्याही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येऊन बसते. मी स्वतः ‘फांसीगर’ निवडीन. हिंगोलीच्या बाजारात तो शब्द समजला असता.